गार पायांचं मूळ

जोडेवाल्यांचा अर्धा जन्म लोकांच्या पायाशी बसण्यात गेला होता, पण त्यांच्याइतका ताठ माणूस त्या बाजारात दुसरा नव्हता. दुकानात कुणी शिरलं की ते आधी तोंडाकडे बघायचेच नाहीत. टाच बाहेरून झिजली असेल तर माणूस घाईचा, आतून झिजली असेल तर दुसऱ्याच्या कलाने चालणारा, आणि दोन्ही टाचा अगदी सारख्या झिजल्या असतील तर जोडा उसना आणलेला, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चुकायचा नाही असं नाही. पण चुकलाच तर ते चूक गिऱ्हाइकाच्या चालण्यात काढायचे.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं आणि नवरदेवाचे जोडे ते स्वतःच्या हाताने शिवणार होते. मुलाकडच्यांनी "कशाला उगाच त्रास" म्हणून पाहिलं, ते जोडेवाल्यांनी कानाआड केलं. दुकानात मांडलेले तयार जोडे जगासाठी. जावयाचे पाय जगात मोडत नाहीत.

शिवायचं म्हणजे माप हवं. मुलगा राहायचा दुसऱ्या शहरात, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. लग्न जुळवणाऱ्या काकूंनी त्याची ओळख "खाद्यपदार्थांच्या मोठ्या कंपनीत ऑफिसर" अशी करून दिली होती आणि ऑफिसरला पाय असतातच, त्यामुळे पुढची चौकशी कुणी केली नव्हती. जोडेवाल्यांनी त्याला फोनवर नीट समजावलं होतं. कागदावर पाय ठेवायचा, पेन्सिल उभी धरून भोवती फिरवायची, फोटो काढून पाठवायचा. आणि माप संध्याकाळी घ्यायचं, कारण सकाळचा पाय लबाड असतो, दिवसभर माणसाचं वजन पेलल्यावरच तो खरं बोलतो.

"हो काका, आज पाठवतो," मुलगा म्हणाला होता. मग "उद्या" झालं. मग "या आठवड्यात नक्की" झालं.

"त्याचं काय घेऊन बसलात," जोडेवाल्यांची बायको म्हणायची. "घरच्या मुलीचं माप तरी घेतलंत का अजून?"

"ती घरातच आहे. ती कुठे पळून जातेय?"

"तेच म्हणते मी. घरात आहे तर घ्या की."

मुलीला विचारलं की ती म्हणे, "उद्या, बाबा. आज दिवसभर उभी होते." ती कान तपासण्याच्या केंद्रात नोकरीला होती. लोकांच्या कानांवर हेडफोन चढवायचा, बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं, हे तिचं काम. बापाकडे पाय, मुलीकडे कान. आणि या घराची जीभ होती मामांकडे.

मामा म्हणजे जोडेवाल्यांचे मेव्हणे. इंग्रजीचे क्लास घ्यायचे. व्याकरण सगळेच शिकवतात म्हणून त्यांनी वाक्प्रचार धरले होते, आणि नुसता अर्थ सांगून थांबणं त्यांना कमीपणाचं वाटे. प्रत्येक वाक्प्रचाराचं मूळ ते सांगत. "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये," ते फळ्यासमोर म्हणायचे, "पण वाक्प्रचाराचं मूळ शोधल्याशिवाय त्याला तोंडात घेऊ नये." क्लास सुटला की घरी जाताना दुकानावर थांबायचे, स्टुलावर बसायचे आणि गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून भाऊजींना ज्ञान द्यायचे. जोडेवाले खाली मान घालून नाडी ओवत राहायचे. खाली मान घालायचा धंदा असला की असे बरेच फायदे असतात.

त्या दुपारी मेसेज आला तेव्हा मामा असेच स्टुलावर होते. जोडेवाल्यांनी फोन लांब धरून वाचला.

"सॉरी काका, मापाला उशीर होतोय. गेटिंग कोल्ड फीट. भेटल्यावर सगळं सांगतो."

"पाय गार पडतायत म्हणतोय," जोडेवाले म्हणाले आणि लोकरी मोज्यांच्या खणाकडे हात नेला. "मग आधी सांगायचं ना. धाडून दिले असते."

"थांबा, भाऊजी."

मामांच्या आवाजात असं काही होतं की मोजे घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही थांबलं.

"वाचा पुन्हा. कोल्ड फीट लिहिलंय ना? मग मोजे राहू द्या. घरी चला."

घरी आल्यावर मामांनी बहिणीला बसायला सांगितलं. बहिणीला एवढ्यानेच घाम फुटला, कारण तिचा भाऊ कुणाला बसायला सांगतो तेव्हा एक तर कुणी गेलेलं असतं किंवा तो काहीतरी शिकवणार असतो.

"कोल्ड फीट," मामा म्हणाले, "हा वाक्प्रचार आहे. एखादी गोष्ट करायची ठरवून ऐन वेळी माणसाची हिंमत जाते, तो मागे सरतो, त्याला म्हणतात कोल्ड फीट. आणि इंग्रजीत हा सगळ्यात जास्त कुठे वापरतात, ठाऊक आहे? लग्नाआधी."

"अगंबाई," बायको म्हणाली. मग जरा सावरून, "पण दादा, आपल्यातही हातपाय गार पडतात की. म्हणून काय कुणी लग्न मोडतं?"

"आपले हातासकट पडतात. यानं फक्त पाय लिहिलेत."

जोडेवाल्यांनी मनातल्या मनात पायांची मोजदाद केली. आपल्याकडे पाय गळतात, लटपटतात, पाऊल मागे येतं, माणूस पाय काढता घेतो. पण त्यात पाय काहीतरी करतात. नुसते गार पडून मेसेज लिहीत बसत नाहीत. तरी मामांपुढे बोलायचं म्हणजे इंग्रजीत हरायचं, म्हणून ते गप्प राहिले.

"मुळात हे आलं कुठून?" मामांनी स्वतःलाच विचारलं, कारण दुसरं कुणी विचारत नव्हतं. "काही म्हणतात, सैनिकांकडून. बर्फात उभं राहून पाय गारठायचे, बधिर व्हायचे. असा शिपाई लढाईत पुढे कसा जाणार? म्हणून कच खाणाऱ्याला कोल्ड फीट."

"म्हणजे घाबरला?" बायको म्हणाली. "आमच्या मुलीला? तिनं आजवर झुरळ मारलेलं नाही."

"दुसरं ऐक. काहींच्या मते हे पत्त्यांच्या डावातून आलं. म्हणे एक जण जिंकत होता. जिंकलेलं घेऊन मधेच उठतो म्हटलं तर बाकीचे उठू देतात होय? मग तो म्हणाला, माझे पाय गार पडलेत, आता मला खेळवत नाही."

बायकोने डोळे बारीक केले. "म्हणजे दुसरीकडे बरं स्थळ मिळालंय. तिकडचा डाव जिंकला, म्हणून आपल्याकडून उठतोय."

"तसंच म्हणायचंय असं नाही. तिसरंही मूळ आहे. इटलीच्या एका भागात म्हणे जुनी म्हण होती, पाय गार असणं म्हणजे खिशात दमडी नसणं. जोडे घ्यायला पैसे नाहीत, म्हणून पाय गार."

"ही म्हण करणारा आमच्या धंद्यातला असणार," जोडेवाले म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांना पटलेली ही पहिली गोष्ट.

"नोकरी गेली त्याची," बायकोने निकाल दिला. "म्हणूनच फोनवर बोलताना मागे कसलीतरी घरघर असते म्हणत होती आपली पोर. ऑफिसातून कुठला बोलतोय. कुठल्यातरी गिरणीत बसून बोलत असेल."

"यातलं खरं मूळ कुठलं ते?" जोडेवाल्यांनी विचारलं.

मामा जरा घुटमळले. "नक्की कुणालाच ठाऊक नाही. चौथंही असू शकतं."

म्हणजे मूळ सापडत नव्हतं, पण फांद्या भराभर फुटत होत्या. दुपारपर्यंत साधा गार पायांचा मुलगा होता. दिवेलागणीला तो भित्रा, लबाड आणि कफल्लक झाला होता, आणि तिन्ही एकाच वेळी. जोडेवाल्यांनी फोन लावला. बंद. बायकोने लावला. तिच्यासाठीही बंद.

"मी त्याच्या आईला विचारते."

"काय विचारशील? तुमच्या मुलाचे पाय गार आहेत का हो?"

बायकोने फोन खाली ठेवला.

तेवढ्यात मुलगी कामावरून आली. तिला सांगायचं कुणी, यावर डोळ्यांनीच ढकलाढकली झाली आणि ओझं अर्थातच बापावर आलं. तिने मेसेज वाचला, फोन परत दिला आणि म्हणाली, "बरं."

"बरं काय?" आई म्हणाली. "फोन लाव त्याला. तुझा उचलेल."

"मी नाही लावणार. त्याला सांगायचं असेल तर सांगेल."

मग ती हात धुऊन जेवायला बसली, दोनदा वाढून घेतलं आणि ताट विसळताना चक्क गुणगुणली.

"धक्का बसलाय पोरीला," मामा हळूच म्हणाले.

धक्का बसलेली माणसं जोडेवाल्यांनी पाहिली होती. ती गुणगुणत नाहीत. ज्या दिवशी जड बूट उतरवून माणूस अनवाणी घरात फिरतो, त्या दिवशी तो गुणगुणतो. पण हे मनात कुठल्या खणात ठेवायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते तसंच बाहेर ठेवलं.

सकाळी त्यांनी पिशवी भरली. पायाचं माप घ्यायची सरकती पट्टी, कातडी फीत, पेन्सिल आणि लोकरी मोज्यांचा एक जाड जोड.

"मोजे कशाला?" मामांनी विचारलं. ते खास सूचना द्यायला सकाळी सकाळी आले होते.

"तुमचा अर्थ खरा निघाला तर पट्टी परत आणीन. माझा निघाला तर मोजे देऊन येईन."

"अर्थ दोन नसतात, भाऊजी. आणि एक करा, सरळ विचारू नका. वाक्प्रचारात बोललेल्या माणसाला साध्या भाषेत विचारलं की तो पलटतो. गोलगोल फिरून या."

"बस सरळच जाते," जोडेवाले म्हणाले.

थांब्यावर बस आली आणि मागून मुलगी आली. ओढणी वाऱ्यावर, हातात पर्स. "मी पण येते. रजा टाकलीय. नाही म्हणायचंच तर तोंडावर म्हटलेलं बरं."

कुणी नाही म्हणायचं ते तिने सांगितलं नाही. जोडेवाल्यांना वाटलं, मुलाबद्दलच बोलतेय. खिडकीशी बसून ती सगळा रस्ता बाहेर बघत राहिली आणि ते तिच्या सँडलकडे. पट्टा तुटायला आला होता. जोडेवाल्याच्या मुलीचा. त्यांना जरा लाज वाटली.

पत्त्यावर ऑफिस नव्हतं. खिडक्या नसलेली एक लांबच लांब पांढरी इमारत, पुढे मालाचे ट्रक आणि फाटकाशी पहारेकरी. जोडेवाल्यांनी मुलाचं नाव सांगितलं.

"सुपरवायझर साहेब? आत आहेत. फ्रीझरमध्ये."

"कशात?"

"शीतगृह आहे हे, काका. मटार, मासे, आइस्क्रीम, सगळं इथंच गोठवून ठेवतात. फोन नाही लागायचा, आत गारठ्याने बॅटऱ्या मरतात. कालपासून एक यंत्र बंद पडलंय, साहेब आतबाहेर करतायत. बसा, बोलावतो."

मुलगी बसली नाही. ती त्या पांढऱ्या भिंतीजवळ गेली, कान लावल्यासारखी उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. भिंतीतून सतत एक जाड, खालच्या पट्टीतली घरघर येत होती.

"हाच आवाज," ती म्हणाली.

भलं जाडजूड दार उघडलं, धुरासारखी वाफ बाहेर आली आणि वाफेतून होणारे जावई आले. कोट असा की आत आणखी एक जावई मावला असता. भुवयांवर पांढरा भुगा. या दोघांना पाहिल्यावर चेहराही त्याच रंगाचा झाला.

"काका? आणि तू... तुम्ही दोघं इथं कसे?"

मामांनी पढवलेलं गोलगोल बोलणं जोडेवाल्यांच्या ओठांवर होतं. पण सवयीप्रमाणे नजर खाली गेली आणि तिथेच राहिली. मुलाच्या पायात रबरी गमबूट होते, निदान दोन माप मोठे. चालताना पाय आत एकीकडे आणि बूट एकीकडे जात होता.

"हे कुणाचे?"

"कंपनीचे. एकाच मापाचे येतात सगळ्यांना. मी पुढे कागद कोंबतो."

"कागद," जोडेवाले म्हणाले. एखाद्या डॉक्टरने 'जखमेला माती लावली' ऐकून म्हणावं तसं. "काढा."

"अहो काका, इथं नको."

"काढा म्हणतो ना."

पहारेकऱ्याच्या खोलीत एकच खुर्ची होती, तिच्यावर मुलगी बसली होती. मुलगा भिंतीला एक हात टेकून उभा राहिला. जोडेवाले जमिनीवर एक गुडघा टेकून बसले, त्यांनी गमबूट ओढून काढला, ओला मोजा काढला आणि पाय आपल्या दुसऱ्या गुडघ्यावर घेतला. पाय बर्फासारखा होता. बोटं लालजांभळी, सुजलेली, मधेमधे तडकलेली.

"खाज येते? ऊब लागली की आग होते?"

"हो. आणि सूज रोज वेगळी असते. उजवा वेगळा, डावा वेगळा. तीनदा माप काढलं, काका, तीनदा निराळं आलं. तुम्हाला कुठलं पाठवू? आणि पाठवलं असतं तर तुम्ही कागद बघूनच ओळखलं असतं की हे ऑफिसात बसणाऱ्या माणसाचे पाय नाहीत."

इतक्यात पहारेकरी चहा घेऊन दारात आला. त्याने पाहिलं, साहेब भिंतीला टेकून उभे आहेत, समोर मुलगी मान खाली घालून बसली आहे आणि मुलीच्या बापाने साहेबांचा पाय घट्ट धरला आहे. तो कळवळला.

"काय साहेब," तो म्हणाला, "वयस्कर माणसाला पाय धरायला लावता? जे काही असेल ते हो म्हणून टाका की."

जोडेवाल्यांनी पाय सोडला नाही. उलट त्यांना वाटलं, माणसाने उगाच चांगला प्रश्न वाया का घालवावा.

"ऐकलंत ना? आता सरळच विचारतो. या लग्नाला तुम्ही तयार आहात की नाही?"

"एका पायावर, काका."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं की आपण कसे उभे आहोत. मग पहारेकऱ्याच्या कपातला चहा सांडला, जोडेवाल्यांचे खांदे हलायला लागले आणि मुलगीही हसली. पण ती सगळ्यात आधी थांबली.

"मग ते कोल्ड फीट काय लिहिलं होतंस?" तिने विचारलं.

"गार पडतात म्हणून लिहिलं. सासऱ्यांना लिहायचंय, अर्धं तरी इंग्रजीत असावं, म्हणजे जरा बरं दिसेल असं वाटलं. का? चुकलं काही?"

"छे," जोडेवाले म्हणाले. "व्याकरण बरोबर होतं." त्यांनी पिशवीतून कोरडे मोजे काढले आणि त्याच्या पायात चढवायला घेतले. त्यांच्या मते काम संपलं होतं. मामांचा अर्थ पडला होता, त्यांचा जिंकला होता, आता दोन्ही पायांची मापं घ्यायची आणि संध्याकाळची बस धरायची.

"हा तयार आहे," मुलगी म्हणाली. "मला कुणी विचारलं?"

जोडेवाल्यांचा हात मोज्यातच राहिला.

"माझे गार पडलेत, बाबा. मामा म्हणतो त्या अर्थाने. तीन आठवडे झाले."

तेव्हा कुठे त्यांना ते सगळे 'उद्या' ऐकू आले. दुसऱ्या शहरातल्या पायाच्या मापासाठी ते रोज फोन करत होते आणि घरातला पाय समोरून निसटत होता. ताट विसळतानाचं ते गुणगुणणं आता आपोआप योग्य खणात जाऊन बसलं. मुलाने नाही म्हटलं असतं तर हिला म्हणावं लागलं नसतं.

"माझ्यामुळे?" मुलाने विचारलं. तो अजून एका पायावरच होता. दुसरा खाली टेकवायचं त्याला सुचलं नव्हतं.

"मी तुला विचारलं होतं, मागे कसला आवाज येतो. काय म्हणालास?"

"एसी."

"एसी असा नसतो. मी दिवसभर आवाज ऐकवते लोकांना, मला कळत नाही? फ्रीझरमध्ये उभा राहतोस हे मला चाललं असतं रे. पण रोज मी विचारणार, आज कसा होता दिवस, आणि तू म्हणणार, मस्त. माझ्याकडे येणारी माणसं अशीच असतात. ऐकू येतंय का विचारलं की सगळे हो म्हणतात. अजिबात ऐकू न येणारेसुद्धा. अशा हो म्हणणाऱ्याबरोबर घरात आयुष्य काढायचं म्हणजे रोज हेडफोन लावून बसायचं."

मुलाने पाय खाली ठेवला. नवा मोजा थेट फरशीवर.

"काकूंनी ऑफिसर सांगितलं," तो म्हणाला. "मी खोडलं नाही. मग तुमच्या घरी आलो, सगळ्यांनी साहेब साहेब केलं, तेव्हाही खोडलं नाही. नंतर खोडायचं तर सुरुवात कुठून करायची? म्हणून काकांना लिहिलं, भेटल्यावर सगळं सांगतो. ते खरंच सांगणार होतो." जरा थांबून तो म्हणाला, "आणि एसीच आहे तो. फक्त मोठा आहे."

मुलीला हसायचं नव्हतं. ओठ आवळून तिने ते कसंबसं निभावलं.

"आत घेऊन चल मला," ती म्हणाली. "बघू दे."

पहारेकऱ्याने आपला जाड कोट काढून दिला. बाह्यांत तिचे हात दिसेनासे झाले. दार उघडलं, वाफ आली, दोघं वाफेत गेली आणि दार बंद झालं. जोडेवाले बाहेर राहिले. आत काय चाललंय ते त्यांना ऐकू येण्यासारखं नव्हतं. कान त्यांचा प्रांत नव्हताच. त्यांनी हातातल्या गमबुटातून कोंबलेला कागद बाहेर काढला, उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

"जावई चांगले आहेत तुमचे," पहारेकरी म्हणाला. "सगळ्यांच्या आधी आत जातात आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर येतात. बोलत मात्र नाहीत."

"आज बोलतील," जोडेवाले म्हणाले. "नाहीतर जावई राहणार नाहीत."

दार उघडलं तेव्हा आधी मुलाचा आवाज बाहेर आला. तो कुठल्याशा पाइपबद्दल काहीतरी सांगत होता आणि थांबत नव्हता. मुलीचं नाक लाल झालं होतं. ती बापाला एवढंच म्हणाली, "मापं घ्या त्याची. दोन्ही पायांची वेगवेगळी."

"कुठल्या जोड्यांसाठी?"

"आधी आत घालायच्या बुटांसाठी. लग्नाचं बघू."

'बघू' हा शब्द जोडेवाल्यांना गिऱ्हाइकांमुळे चांगलाच ठाऊक होता. 'बघू' म्हणून गेलेलं गिऱ्हाईक शंभरात नव्वद वेळा परत येत नाही. पण ते दुकानातलं झालं. त्यांनी निमूटपणे पट्टी लावली.

परतीच्या बसमध्ये ते पिशवीतली पट्टी पुन्हा पुन्हा चाचपत होते. मामांनी गोलगोल फिरायला सांगितलं होतं, पण मुलीशी त्यांना तेही जमेना. शेवटी तिनेच तोंड उघडलं.

"जरा वेळातच माझी बोटं बधिर झाली. आणि हा माणूस अर्धा दिवस तिथं काढून 'मस्त' म्हणतो."

"खोटारडाच म्हणायचा."

"आहेच. पण आत गेल्यावर लाज उतरली त्याची. प्रत्येक यंत्र दाखवत होता. आवाजावरून कुठलं आजारी आहे ते ओळखतो, बाबा. बंद पडलेलं यंत्र परवाच खोकत होतं म्हणाला." ती पुन्हा बाहेर बघायला लागली. "खोकत होतं असं म्हणाला."

"मग?"

"मग काय. विचार करते."

"कर. कातडं काही नासत नाही."

घरी मामा निकालाची वाट बघत बसले होते. जोडेवाल्यांनी सगळं सांगितलं. फक्त मुलीचं 'माझे गार पडलेत' हे वाक्य गाळलं. ते वाक्य तिचं होतं, ज्याला सांगायचं त्याला तिने सांगितलं असतं. मामांचा चेहरा आधी पडला, पण त्यांच्यासारख्यांचा चेहरा फार वेळ पडून राहत नाही.

"म्हणजे अक्षरशः गार," ते म्हणाले. "यातच सगळं आलं. बघा भाऊजी, भित्रा होताच, खरं सांगायला घाबरला. पत्तेवाला होताच, हातचं पान लपवलं. आणि पायात धड बूट नव्हते. तिन्ही मुळं बरोबर निघाली."

"दादा," बायको म्हणाली, "तू जेवून जा."

पुढच्या काही दिवसांत जोडेवाल्यांनी दुसरं काम बाजूला सारलं. कलबूत म्हणजे ज्यावर जोडा चढवून शिवतात तो लाकडी पाय. त्यांनी उजव्याचं वेगळं आणि डाव्याचं वेगळं कलबूत घेतलं, सुजेसाठी बोटांवर कातड्याचे तुकडे चिकटवून जागा वाढवली, आत नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, जाड अस्तर दिलं. इतके कुरूप बूट त्या दुकानातून कधी बाहेर पडले नव्हते. ते पोचल्यावर मुलाचा फोन आला, पण तो मुलीला. पहिल्यांदाच असं झालं की ती ऐकत होती आणि पलीकडून कुणीतरी तक्रार करत होतं. डावा बूट टाचेला लागतोय, यंत्र पुन्हा खोकतंय, वरचे साहेब ऐकत नाहीत. मुलगी मधूनमधून "हं" म्हणत होती. आईने स्वयंपाकघरातून खुणेने विचारलं, काय झालं? जोडेवाल्यांनी खुणेनेच सांगितलं, काही नाही, रडतोय. आणि दोघंही का कोण जाणे खूश झाले.

लग्नाच्या जोड्यांचा विषय त्यांनी काढला नाही. मुलीचं माप तर नाहीच. एकदा चूक झाली ती झाली.

त्यानंतरच्याच एका संध्याकाळी दुकानात गर्दी ओसरली होती. मामा स्टुलावर बसून एका गिऱ्हाइकाला फुकट ज्ञान देत होते, की कोल्ड फीट या वाक्प्रचाराचं एक मूळ शीतगृहात आहे, हे अजून पुस्तकांत आलेलं नाही. मुलगी कामावरून थेट दुकानात आली. तुटक्या पट्ट्याची सँडल तिने दाराशी काढली, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली आणि पाय मापाच्या पट्टीवर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली.

मामांचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. जोडेवाल्यांनी खालूनच त्यांच्याकडे असं पाहिलं की मामा गिऱ्हाइकाला घेऊन बुटांच्या पॉलिशकडे गेले.

"संध्याकाळची वेळ आहे," जोडेवाले म्हणाले. "आता घेतलेलं माप पक्कं असतं. मग बदलता येत नाही."

"ठाऊक आहे. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना."

त्यांनी पाय हातात घेतला. अजून जरा गारच होता.

"फरशी गार आहे तुमच्या दुकानातली," ती म्हणाली.

"असेल."

त्यांनी पट्टी लगेच सरकवली नाही. पाय दोन्ही तळव्यांत धरून थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग कानावरची पेन्सिल काढली.